आरशातला पिवळा दिवा

४ फेब्रुवारी

आज पुन्हा फाटकाच्या खांबाला गाडी घासली. डावा दरवाजा, नेमका त्याच जागी. मागच्या खेपेनंतर नवऱ्याने खांबाला जुन्या टायरचा तुकडा बांधून ठेवला होता. या वेळी तोच निखळून पडला. गॅरेजवाल्याने दरवाजावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, रंग किती वेळा लावायचा? पत्राच दमलाय." मग बॉनेट उघडून पाहिलं आणि इंजिनही दमलंय म्हणाला.

तर नवी गाडी घ्यायची. मोठी, उंच एसयूव्ही. यावर घरात वाद झाला नाही. सासूबाईंचा गुडघा आहे, मुलीचे क्लास आहेत, माझ्या वजनांच्या पेट्या आहेत. शिवाय उंचावरून रस्ता नीट दिसेल. या जुन्या गाडीचे आरसेच लहान आहेत असं मला हल्ली वाटतं. माणसं कुठून तरी एकदम उगवतात.

गाडी कोणती, हेही ठरलं. अडलं ते पुढेच. त्या एकाच गाडीची तीन व्हेरिएंट आहेत: बेस, मधलं आणि टॉप. तिन्ही बाहेरून सारखी. बेसमध्ये जे नाही ते मधल्यात आहे, मधल्यात जे आहे त्यातलं काही टॉपमध्ये नाही (साधा हँडब्रेक जाऊन तिथे एक बटण येतं), आणि टॉपमध्ये जे आहे ते मला लागणार आहे का, हे माहितीपुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नाही.

माझं काम वजनकाटे तपासण्याचं. दुकानांतले, कारखान्यांतले, दवाखान्यांतले. काटा खरं बोलतो की खोटं, हे मी दिवसभर ठरवत असते आणि त्यावर सही करते. आणि मला एका गाडीतून एक गाडी निवडता येत नाही.

७ फेब्रुवारी

जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवून मत विचारलं. मला वाटलं होतं, नवरा बेस म्हणेल, मुलगी टॉप म्हणेल, सासूबाई तटस्थ राहतील आणि मग मधलं आपोआप येईल. झालं भलतंच.

सासूबाई म्हणाल्या, "मला त्यातलं कळत नाही. पण ज्यात जास्त दिवे लागतात ती घ्या."

"अहो आई, दिवे कशाला जास्त?"

"असू देत. दिव्याने कोणाचं वाईट झालंय?"

"आजीला गाडी नकोय, रोषणाई हवीय," मुलगी म्हणाली. हिला आम्ही टिंगू म्हणतो. लहानपणी अगदीच एवढीशी होती म्हणून. आता मला वरून बघते. मग तीच म्हणाली, "पण आई, टॉपच घे. ते छताचं उघडणारं बिघडणारं नको मला. बाजूने कोणी आलं की आरशात पिवळा दिवा लागतो ना, ते हवंय. ते फक्त टॉपला आहे."

सतरा वर्षांच्या मुलीला उघडं छत नको आणि आरशातला दिवा हवा? आमच्या घरात वाढली म्हणून इतकी शहाणी झाली असेल, तर थोडं वाईटच वाटलं.

नवरा म्हणाला, "टॉप."

हा माणूस साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवतो. दातांच्या कवळ्या बनवायचा धंदा आहे त्याचा, तिथेही मेणाचा खरवडा गोळा करून पुन्हा वितळवतो. मी म्हटलं, "अरे, तूच म्हणायचास ना, गाडीला चार चाकं आणि एक हॉर्न पुरतो?"

"हॉर्न तिन्हींत तोच आहे. पाहिलं मी."

तिघंही एकदम टॉप. मी एकटी मधल्यावर. आपल्याच घरात आपण कंजूष ठरतो आहोत का?

११ फेब्रुवारी

ऑफिसात नुकत्याच बदलून आलेल्या सहकारी बाई एका दुकानाचे दोन काटे नापास करून आल्या. दोन्ही काटे सारखंच चुकत होते, तेवढंच, त्याच बाजूला. मी त्यांना म्हटलं, दोन वेगळे काटे एकसारखे चुकायला लागले की काट्यांवर शेरा मारायचा नाही. आधी आपलं वजन तपासायचं. ज्याच्याशी आपण ताडून बघतो तेच बिघडलेलं असतं. तसंच निघालं. त्यांनी वजन चिमट्याऐवजी बोटांनी उचललं होतं आणि ते हातातून खालीही पडलं होतं. बिचाऱ्या ओशाळल्या. मी जरा फारच मास्तरकी केली का? पण हा आमच्या कामाचा पायाच आहे.

त्यांना दाखवायला जाताना मीच स्टुलाला अडखळले आणि नडगी सोलली. स्टूल कोणी सरकवलं विचारलं तर कोणी कबूल होईना.

परतताना बाजाराच्या कोपऱ्यावर एक बाई लहान मुलाचा हात धरून डावीकडून एकदम गाडीपुढे. कचकन ब्रेक दाबला. काच खाली करून मी म्हटलं, "अहो, बघून चालत जा की!" तिने माझ्याकडे बघत मुलाला कडेवर उचलून घेतलं. लोकांना रस्त्यावर चालायचं भानच उरलेलं नाही.

वडिलांची आठवण झाली. उतारवयात तेही असेच धांदरट झाले होते. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, ताटाशेजारचा पेला सांडायचा. आई करवादायची. धांदरटपणा माझ्यात येऊ नये म्हणून मी इतकी काळजी घेते.

१५ फेब्रुवारी

सासूबाई गुडघ्याच्या व्यायामाला आज चालत गेल्या. मी किल्ली घेऊन उभी, तर म्हणे, "नको गं, पाय मोकळे होतील." ज्या गुडघ्याला चालवत नाही म्हणून व्यायाम लावलाय, त्याच गुडघ्याने व्यायामाला चालत जायचं? मी काही बोलले का त्यांना? आठवडाभराचं आठवून पाहिलं. भाजीत मीठ कमी आहे असं म्हटलं होतं. भाजी त्यांनी केली होती. पण ते इतकं लागेल?

१६ फेब्रुवारी

टिंगू बसने क्लासला गेली. "मैत्रिणी बसनेच जातात." म्हणजे दरवाजा चेपलेल्या गाडीतून उतरायची लाज वाटते. मग टॉप घ्यायला हवं का? मुलीला लाज वाटू नये म्हणून महागडं काही घेणं, यात तिचं भलं आहे की नुकसान? खूप विचार केला. मधल्याला मागच्या सीटच्या मध्ये हात टेकायला जागा आहे. बेसला नाही. याचा लाजेशी काही संबंध नाही, पण विचार तिथेच येऊन थांबला.

२० फेब्रुवारी

शोरूमला गेलो, मी आणि नवरा. फरशी इतकी गुळगुळीत की उभ्या गाड्यांची चाकं खालूनही दिसत होती. गळ्यात टाय बांधलेला विक्रेता आला. वयाने माझ्याएवढाच, पण बोलताना प्रत्येक वाक्याला "मॅडम" लावत होता, दोनदा तर नवऱ्यालाही लावलं.

मी म्हटलं, "टॉपमध्ये असं काय आहे जे मला लागेलच?"

"मॅडम, सेफ्टी! तुम्ही फक्त समोर बघायचं. बाकी गाडी बघते."

"मी बाकीचंही बघते."

"अर्थात मॅडम. पण आता दोघी मिळून बघाल."

टॉप चालवून पाहिली. गाडी लोण्यासारखी चालते, यात शंका नाही. पण तो आरशातला दिवा! डावीकडच्या आरशाच्या कोपऱ्यात सारखा पेटत होता. मी नजर टाकायची, रस्ता रिकामा. दिवा चालू. पुन्हा बघायची, कोणी नाही. मग विझायचा. एका वळणाला तर त्याने टुकटुक आवाजही काढला. मी विक्रेत्याला म्हटलं, "तुमचा सेन्सर सदोष आहे." तो मागच्या सीटवर होता, म्हणाला, "मॅडम, हे... मी वर्कशॉपला सांगतो." जरा गडबडल्यासारखा वाटला. चोरी पकडली गेल्यावर दुकानदार होतात तसा.

नवऱ्याने वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. नवी गाडी आहे, विमान नाही, असं मी त्याला सांगितलं. हसला नाही.

२३ फेब्रुवारी

एका गाडीवरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही, म्हणून आज मुद्दाम दुसरी टॉप मागितली. वेगळी गाडी, वेगळा रंग. दिवा पुन्हा तसाच! रस्ता मोकळा आणि आरसा पिवळा. लेन बदलताना तर तो लागला आणि लगेच बाजूला एक स्कूटरवाला ओरडला. तो मागून भरधाव आला असणार. शिव्या देऊन पुढे गेला.

घरी येताना नवऱ्याला विचारलं, "तुला दिसलं होतं का रे कोणी डावीकडे?"

तो म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं."

हे खोटं आहे. तो पूर्ण वेळ डावीकडेच बघत होता. हल्ली तो नेहमीच तसा बसतो, शेजारी बसून "सायकल", "कुत्रा", "बाई आहे" असं पुटपुटत. जप केल्यासारखं. मला राग येतो त्याचा. पण आज खोटं का बोलला? इतक्या क्षुल्लक गोष्टीत?

२४ फेब्रुवारी

शोरूमला लेखी कळवलं. दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या डाव्या आरशातील दिवा कारण नसताना लागतो, एकाच प्रकारे लागतो, सबब या व्हेरिएंटवर माझा विश्वास नाही. वाक्यं दोनदा तपासली. त्यांच्यावर अन्याय होऊ नये.

आता टॉप बाद. मधलं की बेस? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "गाडी नकोच घेऊया." टिंगू जेवता जेवता उठून गेली. सासूबाई म्हणाल्या, "बस चांगल्या झाल्यात हल्ली."

काल टॉप हवी होती, आज गाडीच नको! या घराला झालंय काय?

२७ फेब्रुवारी

हे नीट, क्रमाने लिहायला हवं.

सकाळी काट्याच्या खोलीत होते. तिथे पंखा नाही, वाऱ्याने काटा हलतो म्हणून. जाड पडदे असतात. सहकारी बाई वजनं तपासत होत्या आणि काम करता करता स्वतःशीच बोलल्या, "दोन्ही सारखेच चुकतायत, म्हणजे आधी माझं वजन बघते." माझंच वाक्य. मी मान डोलावली. आणि मध्येच थांबले.

दोन गाड्या. चूक एकच. बाजू एकच.

त्या जेवायला गेल्यावर मी दार लावून घेतलं. समोरच्या भिंतीवर तापमापक आहे, त्याच्या पाऱ्यावर नजर ठेवली. चिमट्यात सगळ्यात चकचकीत वजन धरलं. उजवा हात बाजूला ताणला आणि हळूहळू पुढे आणला. कानाच्या पुढे आल्याबरोबर चमकलं. मग चिमटा डाव्या हातात घेतला. ताणला, आणला. काही नाही. आणखी आणला. काही नाही. चिमट्याचं टोक गालाला लागलं तेव्हा कळलं की तो इथे आला आहे.

एकदा केलेल्या मापावर मी सही करत नाही. पुन्हा केलं. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. हात बदलून. पट्टीने अंतर मोजून. तेच.

सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की तिथे काळं काही दिसत नव्हतं. अंधार असता तर कळलं असतं. तिथे मला भिंत दिसत होती. स्वच्छ, अखंड भिंत. वजन त्या भिंतीच्या पुढे होतं आणि तरी मला भिंतच दिसत होती.

गाडी ऑफिसातच ठेवली. चालत घरी आले. भिंतीला धरून, म्हाताऱ्यासारखी, डावा हात पुढे करून. सासूबाईंनी दार उघडलं आणि गाडीचं काही विचारलं नाही.

१ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी एका पांढऱ्या घुमटात डोकं टेकवायला सांगितलं. आत बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होते. मध्येच बराच वेळ ठिपका येईना, तेव्हा म्हटलं, "मशीन अडकलंय वाटतं." त्या म्हणाल्या, "नाही, चालू आहे." मी पुन्हा बटणावर बोट ठेवलं. मशीनला दोष देण्याची ही माझी तिसरी वेळ.

काचबिंदू. डावा डोळा बराच गेलाय, उजवा थोडा. डोळ्यातला दाब वाढून मागची नस झिजते, दुखत नाही, खुपत नाही, आणि जे दिसत नाही ते मेंदू आपल्या मनाने भरून काढतो. गेलेलं परत येत नाही. उरलेलं रोज थेंब घालून टिकवता येतं.

"घरात कोणाला होता?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "वडील फक्त जरा धांदरट झाले होते शेवटी."

त्यांनी लिहिता लिहिता पेन उचललं. "धांदरट म्हणजे नेमकं काय करायचे?"

मी सांगितलं. चौकट, पेला.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"तुम्ही चालवायची नाही."

"कधीपासून?"

हा काय प्रश्न झाला! त्या म्हणाल्या, "इथून घरी जाण्यापासून." मी चालत आले होते, हे सांगावंसं वाटलं. आपल्याला थोडेसे तरी गुण मिळावेत म्हणून.

टिंगूलाही तपासून घ्यायला सांगितलंय. हे तिला कसं सांगू?

बाजाराच्या कोपऱ्यावरची ती बाई सारखी डोळ्यांपुढे येते. ती उगवली नव्हती. ती चालत आली होती, मुलाचा हात धरून, सावकाश, सगळ्या जगाला दिसेल अशी.

२ मार्च

आज नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

तो कवळीच्या साच्यातून प्लॅस्टर काढत बसला होता. म्हणाला, "डोळ्यांचं नव्हतं माहीत. तुझं लक्ष नसतं, एवढंच वाटायचं. ऑफिसचं काही डोक्यात असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो एकदा. त्यानंतर आठवडाभर तू माझ्याशी घरमालकाशी बोलावं तशी बोलत होतीस."

आठवतं मला. मी म्हटलं, "म्हणून टॉप हवी होती सगळ्यांना."

"गाडी सांगेल म्हटलं. गाडीवर तू रुसणार नाहीस." मग थोड्या वेळाने, "तर तू गाडीचीच तक्रार केलीस."

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. त्याने प्लॅस्टरचा हात माझ्या पाठीवर ठेवला. ब्लाउज खराब झाला.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "तू थांबलीस तर मला चालवावी लागेल. त्याचीही भीती होती. म्हणून बोलायचं पुढे ढकलत राहिलो. त्या मुलाला काही झालं असतं तर मीही तेवढाच..."

"कोणतं मूल?"

"तू त्या दिवशी घरी येऊन त्या बाईला शिव्या घालत होतीस ना. तिचं."

याचं लायसन्स लग्नाच्या वर्षीचं आहे. तेव्हापासून कपाटात, माझ्या शालूखाली. त्याची भीती मला ठाऊक होती. मी तिची थट्टा करायचे, आणि स्टिअरिंग माझ्याकडे आहे याचा आतून मला अभिमान होता. त्यामुळेच त्याला बोलता आलं नसेल का? की आता मी सगळा दोष ओढून घेऊन मोठी होऊ पाहते आहे? काही कळत नाही. थेंब घालायची वेळ झाली.

५ मार्च

शोरूमला तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं. कारण लिहिलं: तपासणाऱ्याचं माप सदोष होतं. विक्रेत्याचा फोन आला, "मॅडम, हे फाइलला कसं लावू?" म्हटलं, "जसं आहे तसं लावा."

टिंगूचे डोळे चांगले आहेत. दरवर्षी तपासायचे. डॉक्टरांकडून येताना बसमध्ये ती माझ्या डाव्या बाजूला बसली. नंतर लक्षात आलं, ती आता नेहमी तिथेच असते.

१९ मार्च

नवरा पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलला जातो. शिकवणारा त्याला "काका, क्लच म्हणजे उंदीर नाही, घाबरू नका" म्हणतो. रोज घामाघूम होऊन येतो आणि सासूबाई त्याला परीक्षेहून आल्यासारखं पाणी देतात. "आज कोणाला धडकलास?" विचारतात. "कोणाला नाही." "मग उशीर का झाला?"

व्हेरिएंटचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू. आता चालवणारा वेगळा, म्हणजे सगळीच मापं वेगळी. बेसमध्ये ड्रायव्हरची सीट वर-खाली होत नाही आणि नवरा बुटका, त्याला बॉनेटच दिसणार नाही. बेस बाद. मधल्यात कडेला कळ आहे, ती ओढून सीट उचलायची. दिवा नाही.

तो म्हणतो, "मधलं पुरे. दिवा कशाला? तू असशील ना शेजारी."

ऐकायला फार गोड वाटलं. तासभर तसंच वाटू दिलं. मग म्हटलं, "मी डाव्या बाजूला बसणार आहे. माझ्या भरवशावर तू डावीकडचं सोडणार? मला दिवाही हवा."

"आणि तू?"

"मीही हवीच."

६ एप्रिल

आज गाडी आली. टॉप. रंगावरून शेवटपर्यंत एकमत झालं नाही, टिंगूने टाकलेल्या नाण्याने राखाडी ठरवला आणि आता चौघांनाही तो आवडत नाही.

नवऱ्याने बटण दाबलं तशी सीट हळूहळू वर गेली. "अरे वा," तो म्हणाला, "दातांच्या डॉक्टरकडची खुर्ची!" तेवढ्याने तो सैलावला. सासूबाई आणि टिंगू मागे. मी त्याच्या डाव्या हाताला, जिथे तो इतकी वर्षं बसायचा. तिथून गाडी केवढी वेगळी दिसते! पायाखाली काहीच नसतं. मी दोनदा रिकामाच ब्रेक दाबला.

मागून सासूबाई, "हळू रे."

"आई, गाडी अजून सुरू नाही केली."

फाटकातून तो बाहेर पडला. खांब वाचला. बाजाराच्या कोपऱ्याला डावीकडे वळायचं होतं. त्याने वेग कमी केला, हात स्टिअरिंगवर घट्ट, आणि समोर बघतच विचारलं, "डावीकडे कोणी आहे का?"

डॉक्टरांनी सांगितलंय, डोळे फिरवून भागणार नाही, मान वळवायची, पूर्ण, खांद्याच्या पलीकडे हनुवटी जाईपर्यंत. मी वळवली. आधी रिकामा रस्ता होता. मी मान आणखी वळवली. त्या रिकाम्या रस्त्यातून एक सायकल निघाली, तिच्या पुढच्या टोपलीत कोबीचे गड्डे, आणि चालवणारा म्हातारा आमच्याकडे बघत होता.

"आहे," मी म्हटलं. "सायकलवाला. थांब."

तो थांबला. आरशात पिवळा दिवा लागला होता.

सायकलवाला निघून गेला. दिवा विझला. मी पुन्हा मान वळवून पाहिलं, आणि मग त्याला जा म्हटलं.